मान न हलवता

अपूर्वाने डाव्या कुशीवर वळून ओवीच्या अंगावरची दुलई सारखी करायला हात पुढे केला आणि खोली फिरली. पंखा बंद होता, तरी फिरला. कपाट फिरलं, कपाटावरची सुटकेस फिरली, भिंतीवर टांगलेले राजसचे पणजोबा चौकटीसकट फिरले. तिने पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांआडही पलंग गरगरतच होता. मग जसं सुरू झालं होतं तसंच ते आपोआप थांबलं. पणजोबा पुन्हा गंभीर झाले. ओवी अंगठा चोखत झोपली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

अपूर्वा मुळातच सावध बाई. ओवी दोनदा शिंकली की तिसऱ्या शिंकेच्या आत हिच्या हातात थर्मामीटर असायचा. बी.एस्सी. होताना जे काही जीवशास्त्र डोक्यात शिरलं होतं, ते ओवीच्या जन्मापासून सगळं भीतीच्या खात्यात जमा झालं होतं. त्यामुळे दुधाला उकळी येईपर्यंत तिने मोबाइलवर चक्कर येण्याची कारणं वाचून काढली, आणि दूध उतू गेलं तोवर ती स्वतःच्या तेराव्यापर्यंत पोचली होती.

तिचा नवरा राजस दात घासत होता. एमआयडीसीतल्या कारखान्याची बस गाठायची असल्यामुळे तो सकाळी फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष देऊ शकत असे.

"राजस, मला आत्ता चक्कर आली."

"आईला सांग," तो फेसाळ तोंडाने म्हणाला.

सांगायची गरज नव्हती. कोरेगावातल्या त्या घराच्या भिंती जुन्या आणि जाड होत्या, पण सुनेच्या तोंडून निघालेला तो शब्द अडवण्याइतक्या जाड नव्हत्या. मंगलताई, म्हणजे अपूर्वाच्या सासूबाई, हात पुसत दारात आल्या. चेहऱ्यावर लाडूचा पाक जमल्यावर यावं तसं हसू.

"ओवीला भाऊ येतोय वाटतं."

"नाही हो आई," अपूर्वा म्हणाली, आणि म्हणताना सगळे हलवतात तशी तिने मान हलवली. त्याबरोबर स्वयंपाकघर उजवीकडून डावीकडे सरकायला लागलं. तिने ओट्याचा आधार घेतला, तो नेमका चहाच्या पातेल्याचा निघाला. चहा जमिनीवर.

"बघा," मंगलताई देवघराकडे तोंड करून म्हणाल्या, "लपवतीये."

"अहो, खरंच तसं काही नाही," अपूर्वाने पुन्हा मान हलवली, आणि या खेपेला ती खालीच बसली.

नकार देताना मान हलवली की चक्कर येते, आणि चक्कर आली की नकार खोटा ठरतो, हे तिच्या ध्यानात आलं. म्हणून दुपारी तिने मेडिकलमधून पट्टी आणून खात्री केली आणि सासूबाईंच्या समोर उभी राहून, मान जराही न हलवता, त्यांच्या डोळ्यांत सरळ बघत म्हणाली, "नाही."

मंगलताई दचकल्या. लग्न होऊन आल्यापासून अपूर्वा होय म्हणताना मान खाली घालत आली होती आणि नाही म्हणताना तर आणखीच खाली. इतकं उघडंबोडकं 'नाही' त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. सासरे चिंतामणराव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पित्त असेल." त्यांच्या मते गेल्या वर्षीचा पावसाचा खंडसुद्धा पित्तच होतं.

"गोड बातमी नाही, तर मग आजारच आहे," मंगलताई म्हणाल्या. "आणि आजार आहे तर पोर तुझ्या हातात द्यायची कशी? पडली बिडली म्हणजे?"

हाच प्रश्न अपूर्वा पहाटेपासून स्वतःला विचारत होती. ओवीला घेऊन ती जिन्यावर असताना खोली फिरली तर? मंगलताईंनी ओवीला काखेत घेतलं आणि तेव्हापासून मुलगी तिला मिळायची ती देवळात तीर्थ मिळावं तशी. भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून, ओंजळ पुढे करून बसायचं. थोडा वेळ मिळायची आणि परत जायची.

त्यात रविवारी ओवीचं बोरन्हाण होतं. त्यांच्या घरची रीत अशी की बाळाने आईच्या मांडीवर बसायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे ओतून घ्यायचे, आणि मग आईने जमलेल्या प्रत्येक मोठ्या बाईला वाकून नमस्कार करायचा. अपूर्वाने स्वतःची काळी साडी कापून ओवीचं झबलं शिवलं होतं. हलव्याचे दागिने तिने स्वतः ओवले होते, त्यातला बाजूबंद ओवीने आधीच एका बाजूने चाटून ठेवला होता.

"ओवी गोदावरीवन्संच्या मांडीवर बसेल," मंगलताईंनी जाहीर केलं. "त्या येतायतच सांगलीहून."

"आई, ती माझ्या मांडीवर बसेल."

"मान तर बघा कशी धरलीय," मंगलताई म्हणाल्या. "वन्सं आल्यात वाटतं आत्ताच."

गोदावरीआत्या म्हणजे चिंतामणरावांची थोरली बहीण. त्यांच्या ताठ मानेचा घरात धाकच होता. त्यांनी कुणापुढे मान डोलावलेली कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्यासारखी मान धरायला तसा अधिकार लागतो, आणि तो अपूर्वाकडे नव्हता.

*

उपचार त्याच संध्याकाळी सुरू झाले. पहिला मान बनुबाईंचा. बनुबाई शेजारी राहायच्या, मूळच्या माणदेशाकडच्या. मेंढरं विकून म्हशी घेतल्या आणि कोरेगावात दुधाचे रतीब घालू लागल्या, तरी माणसाकडे बघायची त्यांची नजर मेंढरू पारखायचीच राहिली होती. त्यांनी अपूर्वाचा जबडा धरून डोळे तपासले आणि निदान केलं.

"दिष्ट हाय. लय बेकार लागलीया."

मीठमिरच्या मुठीत घेऊन त्या अपूर्वाच्या तोंडावरून ओवाळायला लागल्या. अपूर्वाचा विश्वास नव्हता, पण सावध बाई असल्यामुळे मूठ कुठे जाते यावर तिची नजर होती, आणि नजरेबरोबर मान जात होती. दुसऱ्या फेऱ्याला ती चौरंगावरून कलली.

"बगा मंगलवैनी," बनुबाई समाधानाने म्हणाल्या, "कशी निगाली. व्हय का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतले नेहमीचे डॉक्टर झाले. त्यांनी रक्तदाब बघितला, तो ठीक होता. अंगात रक्त आहे का बघितलं, तेही होतं. मग अशक्तपणा आहे असं म्हणून त्यांनी सलाईन लावलं. सलाईन लागल्यावर घराला जरा बरं वाटलं. बाटली टांगल्याशिवाय आजार आजारासारखा दिसत नाही, आणि ही तर पुढच्या खोलीतल्या खिडकीच्या गजाला टांगली होती, रस्त्यावरून दिसेल अशी. तासाभरात गल्लीतल्या काकू शहाळी घेऊन भेटायला यायला लागल्या.

प्रत्येक काकू आली की वाकून पाया पडायचं ही त्या घरची रीत. अपूर्वा वाकली की जमीन वर येत होती, म्हणून तिने बसल्या जागेवरून हात जोडायला सुरुवात केली. मान सरळ, पाठ सरळ, हात सरळ. पहिल्या काकूंनी आशीर्वाद देण्यासाठी पुढे केलेला हात तसाच अंबाड्याकडे नेऊन अंबाडा चाचपला. गल्लीच्या टोकापर्यंत बातमी पोचली ती अशी: चक्कर येते म्हणून वाकत नाही, की वाकायचं नाही म्हणून चक्कर येते, ते काही कळत नाही.

सलाईन चालू असताना ओवी आतल्या खोलीत रडली. अपूर्वाने झोपल्याजागी डावीकडे वळून बघितलं आणि खिडकी, गज, बाटली सगळं एकदम सुटलं. थांबल्यावर ती विचार करायला लागली. बाटली अर्धी पोटात गेली तरी चक्कर तिथेच आहे. डावीकडे वळलं की येते. वर फळीकडे बघितलं की येते. वाकलं की येते. उजव्या कुशीवर झोपलं तर येत नाही, स्थिर बसलं तर अजिबात येत नाही, आणि आली तरी तीसपर्यंत आकडे मोजायच्या आत जाते. अशक्तपणाला डावं-उजवं कळतं का? पित्ताला कळतं का? दृष्टीला तरी?

तिने कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती औषधांच्या कंपनीत होती. मैत्रीण म्हणाली, कानाच्या डॉक्टरला दाखव.

"कानाच्या?" मंगलताईंनी कपाळाला हात लावला. "चक्कर डोक्यात येते की कानात? उद्या गुडघा दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जाशील."

"मी साताऱ्याला जाऊन येते."

"राजसला सुट्टी नाही."

"राजसला चक्कर येत नाहीये, आई. मला येतेय."

मान हलली नाही. चिंतामणरावांनी पेपर नाकापर्यंत वर घेतला. शेवटी तोडगा असा निघाला की जायचं तर जा, पण एकटीने नाही, बनुबाईंना घेऊन. म्हणजे काय काय झालं ते घरात नीट कळेल.

*

एसटीत बनुबाईंनी तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला, वासराला गव्हाणीशी कोंडावं तशा बसल्या. माहुलीच्या पुलावर बस वळली तेव्हा अपूर्वाने कृष्णेकडे न बघता समोरच्या सीटच्या दांडीकडे बघितलं.

"सूनबाई, खरं सांगू का," बनुबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या मेंढरातबी हे असतंय. एकांदं मेंढरू येकाच अंगाला गरगर गरगर फिरत ऱ्हातंय."

"मग तुम्ही काय करता?"

"बाजारात इकतो."

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सोनम. वयाने अपूर्वाएवढीच असेल. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही 'काळजी करू नका' म्हणाली नाही, म्हणून अपूर्वाला ती आवडली. मग तिने अपूर्वाला टेबलावर पाय लांब करून बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरून डावीकडे वळवलं, आणि काही कळायच्या आत तिला मागे झोपवून डोकं टेबलाच्या कडेखाली सोडलं.

दवाखाना फिरला. अपूर्वाने डॉक्टरीणबाईंचं मनगट आवळलं.

"आवं बाई, लेकुरवाळी हाय ती," बनुबाई उठून उभ्या राहिल्या. "मुंडी मोडंल की तिची."

"तुम्ही इकडे या. हिचे डोळे बघा."

बनुबाई वाकल्या आणि मागे सरकल्या. "आगं आई गं. बुबळं नाचाय लागली की."

"तेच बघायचं होतं मला," डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि डोकं न सोडता बोलत राहिली. "कानाच्या आत, पार आत, चुन्याचे बारीक कण असतात. तोल सांभाळायला लागतात ते. कधीकधी जागेवरून सुटतात आणि शेजारच्या नळीत जातात. नळीत पाणी असतं. मान वळली की कण घरंगळतात, पाणी हलतं, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. तुम्ही फिरत नाही, खोलीही फिरत नाही. फक्त कानाने चुकीची खबर दिलेली असते."

"म्हणजे डोक्यात काही नाही?" अपूर्वाने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला.

"नाही. बोलताना जीभ जड झाली असती, हातापायातलं बळ गेलं असतं, ऐकू कमी आलं असतं, तर मी वेगळा विचार केला असता. तुमच्यात तसलं काही नाही."

अपूर्वाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डोकं खाली लोंबत असल्यामुळे ते कपाळावरून केसांत गेलं.

मग डॉक्टरीणबाईने डोकं हळूच उजवीकडे वळवलं आणि थांबली. मग सगळं अंगच उजव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायला लावलं आणि पुन्हा थांबली. मग हनुवटी छातीशी धरून उठवून बसवलं. लहान मुलांच्या खेळण्यात छर्रा वळणावळणाने भोकापर्यंत न्यायचा असतो, तसं ते चाललं होतं. थोडा वेळ बसवून तिने परत डावीकडे झोपवून बघितलं. दवाखाना जागेवर होता. भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र स्थिर होतं.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "कण होते तिथे गेले. आज जरा जपून राहा. पुन्हा वाटलं तर या, पुन्हा करू."

"आन गोळी?" बनुबाईंनी विचारलं.

"गरज नाही."

"सुई?"

"नको."

"सलाईन तरी?"

डॉक्टरीणबाई हसली. बनुबाई हसल्या नाहीत. एवढ्या लांब येऊन एक साधी सुईसुद्धा मिळू नये हे त्यांना अपमानाचं वाटलं.

*

अपूर्वाने घरी काय सांगायचं ते एसटीत ठरवलं होतं: सोप्या शब्दांत, चित्र काढून. पण पेन शोधायला ती आत गेली आणि तेवढ्यात ओसरीवर बनुबाईंनी आपली साक्ष दिली.

"लय वंगाळ झालं मंगलवैनी. त्या पोरसवदा डाक्टरनीनं मुंडी धरली आन गपकन खाली सोडली. पोरीचं डोळं गरागरा फिराय लागलं. म्या सोता बगितलं. आन कानात खडं निगाल्यात."

"खडे?"

"चुन्याचं."

अपूर्वा वही घेऊन बाहेर आली तोवर उशीर झाला होता. ती नळी काढत होती, बाण काढत होती, आणि मंगलताई एकच विचारत होत्या, "पण मग काढले का खडे?"

"काढायचे नसतात, आई. आतच असतात ते, सगळ्यांच्या. जागेवर सरकवले."

"सरकवले. म्हणजे आहेत अजून आत."

"आहेत, पण जागेवर."

"आणि औषध काहीच नाही."

"नाही."

"नुसती मान फिरवली."

"हो."

"मान तर आम्हीही फुकट फिरवली असती," चिंतामणराव पेपराआडून म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गल्लीत कळलं की अपूर्वाच्या कानात मुतखडा झालाय. सकाळी दारात कुणीतरी पानफुटीची पानं आणून ठेवली होती, रोज अनशापोटी चावून खायला. दुसऱ्या काकूंनी कुळथाचं कढण पाठवलं. अपूर्वाने पानं कुंडीत लावली आणि कढण राजसला दिलं. त्याला ते आवडलं.

शनिवारी सकाळी तिने दार लावून घेतलं आणि पलंगावर डाव्या कुशीला वळली. पणजोबा स्थिर. वर फळीकडे बघितलं. सुटकेस स्थिर. खाली वाकून चपलेचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मग बाहेर येऊन म्हणाली, "आई, मी बरी झाले. ओवीला द्या."

"असं एकदम बरं होतं का कुणी?" मंगलताईंनी ओवीला दुसऱ्या काखेत बदललं. त्यांचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे दिसत होते. "बोरन्हाण होऊ दे निर्विघ्न. माझ्या जिवाला घोर लावू नकोस. वन्संच्या मांडीवर बसेल ती, एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"पहिलं बोरन्हाण एकाच दिवशी असतं, आई."

"ताठच आहे बघा अजून मान. आणि म्हणे बरी झाले."

मान ताठ होती हे खरंच होतं. पण आता ती ताठ ठेवायची गरज नव्हती, हे अपूर्वाच्या तेव्हा लक्षात आलं. तिने तरी ती ताठच ठेवली.

*

गोदावरीआत्या सांगलीहून रेल्वेने आल्या. राजसने स्टेशनवरून आणलं. घरात शिरताना त्यांनी उंबऱ्याकडे न बघता पाऊल वर उचललं. देवाला त्यांनी उभ्यानेच हात जोडले. देवाला सगळं दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. भावाने काही विचारलं तेव्हा त्या खांद्यासकट, पाठीसकट, आख्ख्या त्याच्याकडे वळल्या, कपाट सरकवून फिरवावं तशा. "बरं" म्हणाल्या तरी मान हलली नाही. पूर्वी हे सगळं बघून अपूर्वा पदर सावरत मागे सरायची. आज ती सावध बाईच्या नजरेने बघत होती.

आत्यांनी माठावरच्या फळीवरचा तांब्या मागितला. स्वतः वर बघितलं नाही. रात्री अंथरूण घालताना मंगलताईंनी न विचारता तीन उशा रचल्या. "वन्संना आडवं झोपायला आवडत नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या, "शिस्त आहे."

रविवारी दुपारी बायका जमल्या. गल्लीतली पोरं बोरं लुटायला रांगेत बसली. गोदावरीआत्या पाटावर बसल्या आणि मंगलताईंनी ओवीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, चाटलेला बाजूबंद. ओवीने इकडेतिकडे बघितलं, आई दिसली, हात पुढे केले आणि मोठा गळा काढला. अपूर्वा ओवाळणीचं ताम्हन घेऊन उभी होती.

"ओता, ओता," मंगलताई म्हणाल्या.

औक्षण झालं. ओतायचा मान बनुबाईंनी मागून घेतला होता. त्यांनी बोरं-चुरमुऱ्यांचं भांडं धान्य उफणायचं सूप धरावं तसं उंच धरलं आणि एकदम ओतलं. पहिलं टपोरं बोर आत्यांच्या भांगावर आपटलं. कुठल्याही माणसाने केलं असतं तेच आत्यांनी केलं: वर बघितलं.

पोरं बोरांवर तुटून पडली. बायका हसत होत्या. एकट्या अपूर्वाला दिसलं की आत्यांचा एक हात ओवीवरून सुटून पाटाची कड धरायला गेलाय आणि त्यांचे डोळे जागच्या जागी उड्या मारतायत. बुबळं नाचाय लागली की.

तिने ताम्हन समोर दिसेल त्या काकूंच्या हातात कोंबलं, दोन पोरं ओलांडली आणि ओवीला उचललं. मग तशीच आत्यांना खेटून पाटाच्या कडेवर बसली, एक मांडी ओवीला, एक खांदा आत्यांना. आत्यांचा सगळा भार त्या खांद्यावर आला.

"अगं, काय करतेस?" मंगलताई ओरडल्या. "तुला चक्कर येते. वन्सं, घ्या बघू तिच्याकडून पोर. सांगा तिला."

सगळं घर आत्यांकडे बघायला लागलं. अपूर्वाने फार काही सांगायची गरज नव्हती, एक वाक्य पुरलं असतं. चक्कर मला नाही, यांना आलीय. सगळ्यांदेखत. तिने ते वाक्य जिभेवर घेऊन बघितलं आणि ओवीच्या मुकुटात अडकलेला चुरमुरा काढत राहिली.

आत्यांनी डोळे मिटले, थोडं थांबल्या, उघडले. मान सरळ. चेहरा सरळ.

"मंगल," त्या म्हणाल्या, "पोर आईच्या मांडीवर शोभते. ओत गं बनुबाई. आणि जरा हळू. शेतात पेरतेस का?"

ओवी गप्प झाली, एक उसाचा करवा तोंडात घालून आजूबाजूच्या लुटालुटीकडे मालकिणीसारखी बघायला लागली.

"कुठल्या कुशीवर येते, आत्या?" अपूर्वाने ओठ न हलवता विचारलं.

आत्यांनी पदरावरचे चुरमुरे झटकले. "उजव्या."

"कधीपासून?"

"राजसच्या मुंजीपासून. येते, महिनाभर छळते, जाते. परत येते. आधी वाटलं मरते मी. मग मान हलवायचंच सोडून दिलं."

"बरं होतं ते. मी करून आले."

"ते खडे?"

"तेच."

पोरं आत्यांच्या पदराखालचं बोर शोधत होती. "सांगलीत नको," त्या शेवटी म्हणाल्या. "तिथे सगळी ओळखतात मला."

*

दुसऱ्या दिवशी गोदावरीआत्यांना साताऱ्याचे कंदी पेढे घ्यायचे होते आणि ते निवडायला त्यांना अपूर्वाच हवी होती, ओवीसकट. मंगलताई म्हणाल्या पेढे इथेही मिळतात. आत्यांनी नुसतं बघितलं. विषय संपला.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डोकं खाली सोडल्यावर आत्यांनी अपूर्वाचा हात असा दाबला की बांगडी मनगटात रुतली, पण तोंडातून हूं की चूं नाही. वळवलं, थांबवलं, कुशीवर घेतलं, उठवलं. ओवी हे सगळं खुर्चीवरून बघून टाळ्या वाजवत होती. पुन्हा झोपवून बघितल्यावर आत्या कितीतरी वेळ छताकडे बघत राहिल्या. छत साधंच होतं, एका कोपऱ्यात ओल आलेली. त्या त्याच्याकडे डोळे भरून बघत होत्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच," डॉक्टरीणबाई म्हणाली.

बाहेर येऊन आत्यांनी रस्त्यावर उभ्या उभ्या मान वर करून किल्ल्याकडे बघितलं, खाली आपल्या चपलांकडे बघितलं, मग कुणी बघत नाही अशी खात्री करून दोन्ही खांद्यांवरून मागे वळून बघितलं. मग पेढे घेतले.

घरी आल्यावर मंगलताईंनी विचारलं, "वन्सं, रात्री पातळभाजी करू की आमटी?" आत्यांची मान जराशी हलली. अपूर्वाने बघितलं. मग मान जागच्या जागी थांबली, सरळ झाली, आणि आत्या जुन्याच आवाजात म्हणाल्या, "आमटी." रात्री उशाही तीनच मागितल्या.

परतीच्या गाडीला सगळे स्टेशनवर आले. ओवी अपूर्वाच्या कडेवर होती. बोरन्हाणापासून ती तिथेच होती, आणि मंगलताई तिला घ्यायची असेल तर आता विचारून घेत होत्या, जरा चाचरत. गाडीची घंटा झाली. अपूर्वाने ओवीला राजसकडे दिलं, पदर सारखा केला आणि आत्यांच्या पाया पडायला वाकली. वीतभर अंतर उरलं असताना आत्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला उभं केलं.

"वाकू नकोस."

"आत्या, आता मला नाही येत चक्कर," अपूर्वा हळूच म्हणाली. "आणि तुम्हालाही नाही."

गाडी फलाटाला लागत होती. मंगलताई पिशव्या मोजत होत्या, चिंतामणराव कुणाला तरी प्रवासातल्या पित्ताबद्दल सांगत होते. गोदावरीआत्यांनी अपूर्वाची हनुवटी बोटाने उचलली, होती तिथे नेऊन ठेवली, आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"वेडे," त्या म्हणाल्या, "मला तरी रोज कुठे येत होती?"